गोजराबाईचा प्रिंटर सुरू झाला

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तो चालवणारी फुकटची प्रणाली होती. फुकट म्हणजे अगदी फुकट. वर तिचं पोटही उघडं. कुणीही आत हात घालावा, हवं ते बदलावं. त्यामुळे त्या जंगलात कुठलेही दोन कॉम्प्युटर एकसारखे उरले नव्हते, आणि याचा सगळ्यांना भारी अभिमान होता.

तिथे गोजराबाई नावाची सायाळ राहायची. तिच्या बिळावर तरसाने हक्क सांगितला होता. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच दुपारी सिंहाच्या दरबारात निकाल होता. बीळ गोजराबाईचंच, असं म्हाताऱ्या हत्ती-कारभाऱ्याने मरण्यापूर्वी लिहून पाठवलेलं पत्र तिच्या कॉम्प्युटरात होतं. ते छापून नेलं की बीळ वाचलं.

पण प्रिंटर ढिम्म. पडद्यावर 'छापलं' असं येई. कागद काही येईना.

गोजराबाई उंबराच्या पारावर गेली. तिथे जाणकार बसत.

"प्रिंटर चालत नाही हो," ती म्हणाली.

"प्रश्न विचारायची ही रीत नव्हे," घुबड दिगंबरपंत डोळे न उघडता म्हणाले. "आवृत्ती कोणती?"

"मागच्या पावसाळ्यातली असेल."

"असेल? आपल्या घरात काय आहे ते माहीत नाही, आणि कॉम्प्युटर वापरता?"

"माझ्याकडे तर चालतो," माकड म्हणालं. माकडाकडे प्रिंटरच नव्हता, पण तेवढं विचारायची रीत त्या पारावर नव्हती.

दिगंबरपंतांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडायच्या काळ्या खिडकीत लिहायला एक ओळ दिली. गोजराबाईने घरी जाऊन ती लिहिली. कॉम्प्युटरचा आवाज गेला. परत येऊन तिने दुसरी ओळ नेली. माउसचा बाण जागच्या जागी थिजला.

"प्रगती आहे," पंत म्हणाले.

बाळांनो, मी जन्मभर दुकान केलं. काटा चुकला तर आम्ही आधी पारड्याखाली खडा अडकलाय का ते बघतो. काटा वितळवायला घेत नाही. पण आम्ही पडलो अडाणी.

"मुळात तुमची प्रणालीच टाकाऊ," माकड म्हणालं. "सगळं पुसा, माझी टाका. खिडक्या अकरा रंगांच्या आहेत."

"अकरा रंगांची ती पोरकट प्रणाली?" पंतांनी आता कुठे डोळे उघडले. मग दोघे तासभर भांडले. प्रिंटरचं नाव कुणी काढलं नाही.

उन्हं डोक्यावर येऊ लागली. शेवटी माकडच येऊन पुसून गेलं. आत काही ठेवलंय का, असं त्याने विचारलं नाही. गोजराबाईला वाटलं, घर झाडतात तसंच हे पुसणं असेल.

नवी प्रणाली आली. अकरा रंगांच्या खिडक्या आल्या. कागद आला नाही.

पारामागच्या खोडावर जुने प्रश्न कोरलेले असत. तिथे तिला हुबेहूब आपलाच प्रश्न सापडला. तीन वर्षांपूर्वी सोपानराव सशाने विचारलेला. खाली चाळीस जणांच्या शिव्या. आणि शेवटी सशाचीच ओळ: 'सुटलं! फार सोपं होतं. आभार.'

ती धावत सशाकडे गेली. "भाऊ, काय सोपं होतं?"

"ते सांगितलं तर मला पारावर कोण बसू देईल, ताई?"

गोजराबाईने काटे उभारले. सशाची वाचा लगेच मोकळी झाली.

"छापताना यादीत 'फाइलमध्ये साठवा' असं आधीच निवडलेलं असतं. त्याच्या खाली प्रिंटरचं नाव असतं. ते निवडा. झालं!"

तिने घरी येऊन ते निवडलं. प्रिंटर घरघरला आणि चाचणीचा कागद बाहेर आला. त्यावर सात रंगांत एक पोपट.

"आणि माझं पत्र?" तिने पारावर जाऊन माकडाला विचारलं.

"ते आत होतं?" माकड म्हणालं. "मग आधी नाही का सांगायचं, बाई!"

दरबारात गोजराबाई पोपट घेऊन गेली. कोल्हा कारकुनाने कागद उजेडात धरला, उलटापालटा केला. "छपाई सुरेख आहे," तो म्हणाला. "पण यात बीळ कुठाय?"

संध्याकाळी तरस बिळात पाय पसरून झोपला.

गोजराबाई रडत पारावर आली. दिगंबरपंत शांतपणे म्हणाले, "प्रिंटर सुरू झाला ना? आमचं काम संपलं. बिळांचे प्रश्न पलीकडच्या झाडावर विचारतात."

तात्पर्य: अडचण आली की जाणकारांकडे जरूर जावं. यंत्र शंभर टक्के सुरू होतं. ते आपल्याला कशासाठी हवं होतं, हे सांगून त्यांचा मौल्यवान वेळ मात्र खाऊ नये.