भागाचे काटे आणि दोन जाणकार

एका जंगलात, मुलांनो, भागा नावाची सायाळ राहत होती. अंगावर काटे आणि बिळात दोन पिल्लं, एवढाच तिचा संसार. तिचं कुणाशी वाकडं नव्हतं.

पण रोज दुपारी गवासरदार यायचे आणि नेमके तिच्या बिळावर बसायचे. तिथली माती गार लागते म्हणे. आत छताची माती पिल्लांच्या डोळ्यांत पडायची. मग भागा बाहेर येऊन काटे फुलवायची आणि सरदारांना टोचायची.

सरदार राजाच्या मर्जीतले. तक्रार थेट दरबारात गेली.

"भागाबाई," सिंह म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत वागणं सुधारा. नाहीतर जंगल सोडा."

भागाने मान खाली घातली. पिल्लांचे काटे अजून मऊ होते आणि जंगलाच्या वेशीवर तरस टपलेलं असे. जाणार कुठे बिचारी?

आता हे जंगल फार पुढारलेलं होतं बरं का. तिथे कुणाला शिक्षा करत नसत, उपचार करत. त्यासाठी दोन जाणकार होते. मुंगूसपंत आणि बगळेबुवा. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे.

पंतांनी पळसाच्या पानावर तीन रकाने आखले. टोचण्याआधी काय झालं, टोचलं कसं, नंतर काय झालं. बुवांनीही तेच तीन रकाने आखले, फक्त पान कमळाचं घेतलं.

"पंतांची पद्धत रुक्ष," बुवा म्हणाले. "आम्ही आधी जीव पाहतो, मग काटे."

दोघांच्याही पहिल्या रकान्यात एकच नोंद झाली. 'गवा बसला.'

भागाला हायसं वाटलं. "मग त्यांना उठवा की."

"ते आमच्या विषयात येत नाही," दोघे एका सुरात म्हणाले. इतकं एकमत त्यांचं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

उपचार सुरू झाले. भागाने टोचलं नाही की पंत तिला एक कंद देत. बुवाही कंदच देत, पण देताना हसत. पंत त्याला बक्षीस म्हणत, बुवा प्रोत्साहन. शिवाय परिसर बदलला पाहिजे, असं बुवांचं शास्त्र सांगायचं. म्हणून त्यांनी बिळाभोवती फुलझाडं लावली. सरदारांना ती आवडली आणि ते जास्त वेळ बसू लागले.

"छताला भेग पडलीय हो," भागा कळवळून म्हणाली.

पंतांनी लिहिलं, 'लक्ष वेधून घेते.' बुवांनी लिहिलं, 'मन मोकळं करू लागली.'

पौर्णिमेच्या दुपारी सगळा दरबार बिळापाशी जमला. सरदार बसले. माती भसाभसा कोसळू लागली. भागाचे काटे थरथरले, पण तिने ते अंगाशी घट्ट दाबून धरले. छत खचलं. तरी तिने टोचलं नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. यश कोणत्या पद्धतीचं यावर पंत आणि बुवा हमरीतुमरीवर आले. शेवटी सिंहाने दोघांनाही शाल आणि नारळ दिला. तोवर भागाने नखांनी माती उपसून पिल्लं बाहेर काढली होती. एकाचा पाय कायमचा गेला. त्यासाठी कुणाच्याच पानावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी भागा पिल्लांना घेऊन जंगलाबाहेर निघून गेली. दोन्ही अहवालांत लिहिलं गेलं, 'टोचण्याच्या घटना: शून्य.' खचलेल्या बिळाची भुसभुशीत माती सरदारांना फारच मानवली.

तात्पर्य: मुलांनो, कुणी आपल्या घरावर बसलं तर गप्प राहायला शिकावं. घर वाचत नाही, पण शास्त्राची प्रगती होते. आणि मोठेपणी कोण व्हायचंय असं कुणी विचारलं, तर गवा म्हणून सांगावं.