नारिंगी खुर्ची कोणाची

एर्सिलियाने तीस वर्षांत आर्किटेक्ट ओत्तावियोच्या अकरा खुर्च्या कोणाला न सांगता दुरुस्त केल्या होत्या. बारावी दुरुस्त करायची नाही, असं तिने जानेवारीतल्या एका सकाळी ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मिलानजवळच्या ब्रियांझातल्या बोर्गोनोवो यांच्या कारखान्यात नव्या फर्निचरचा पहिला नमुना तीच बनवायची. ओत्तावियो मिलानहून कागद पाठवायचा. त्याच्या रेघा सुंदर असत. फक्त माणसाला बूड असतं, हे त्याच्या लक्षात राहत नसे. एर्सिलिया पाठ जरा मागे न्यायची, पाय बोटभर वाढवायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मग खुर्ची गाजायची आणि कॅटलॉगमध्ये ओत्तावियोचं नाव झळकायचं.

त्या सकाळी तिने मालकांना विनवलं, की यंदा माझंही नाव घाला, बारीक अक्षरांत चालेल. मालकांनी ओत्तावियोकडे पाहिलं. तो हसला आणि तिच्यादेखत म्हणाला, "स्वयंपाक्याचं नाव होतं, चुलीला कुणी विचारतं का?"

हे तिला फार लागलं. बरं, चूल तर चूल. चूल काही भाजीत मीठ कमी पडलं म्हणून उठून घालत नाही.

बारावी खुर्ची दिवाणखान्यातही चालणारी आणि गच्चीतही, लाकडी, वर चकचकीत नारिंगी रंग. कागदावर तिची बैठक पुढे उतरती होती. बसणारा घसरेल, असं एर्सिलियाने एकदाच फोन करून सांगितलं. ओत्तावियोचं उत्तर आलं, की बाई, तुम्ही डोकं चालवू नका, कागदाप्रमाणे करा. तिने कागदाप्रमाणे केली, केसाचाही फरक न करता. त्याच्या सहीचा तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. खुर्चीवर बसून पाहण्याचं काम नेहमी तिचंच असायचं, त्यामुळे बाकी कोणाला बसून पाहायचं सुचलंच नाही.

एप्रिलमध्ये मिलानच्या शोरूममध्ये पोपटी गालिच्यावर खुर्ची मांडली. बसायचा पहिला मान एका बुजुर्ग संपादकांना दिला. हातात पांढरी वाइन घेऊन ते फर्निचरमधल्या काव्याबद्दल बोलू लागले आणि बोलता बोलता थोडे थोडे खाली येत गेले. चौथ्या मिनिटाला ते गालिच्यावर होते. वाइन मात्र सांडली नाही.

मालक धावले. दोष गालिच्याचा आहे म्हणाले, तो त्यांनी गुंडाळायला लावला आणि खात्री पटवायला स्वतः बसले. गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकली, मालक पुढे गेले आणि धपकन आवाज झाला. मग ओत्तावियो आला. बसायचीसुद्धा अक्कल लागते, असं म्हणत त्याने पायावर पाय टाकला. पाच मिनिटं तो दातओठ खाऊन टिकला. सहाव्या मिनिटाला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्यानेही जमीन धरली.

एका वार्ताहर मुलीने वही काढून विचारलं, की हे असंच ठरवलेलं होतं का?

ओत्तावियो कपडे झटकत उठला आणि त्याने मागे उभ्या असलेल्या एर्सिलियाकडे बोट दाखवलं. "ही या बाईंची करामत आहे. या खुर्चीत माझी एक रेघ नाही. लिहून घ्या."

मुलीने लिहून घेतलं. मालक एर्सिलियाच्या कानाशी लागले. माफी मागा आणि मिटवून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एर्सिलियाचा हात पर्समधल्या कागदावर गेला. तिला संताप आला होता. कागद काढला की लोक ओत्तावियोला दिवसभर हसतील. पण मग ही बारावीसुद्धा त्याचीच ठरेल. तिने हात बाहेर काढला आणि पर्सची चेन लावली.

"माफी मी मागणार नाही," ती म्हणाली. "हो, खुर्ची माझी आहे. एर्सिलिया कोल्झानी. हेही लिहून घ्या."

मुलीने तेही लिहून घेतलं. इतक्यात मागून मोठ्या चष्म्याच्या एक बाई पुढे आल्या. या झेन्नारोबाई, व्हेनिसच्या एका चौकात यांचा कॅफे, बाहेर साठ टेबलं. मघापासून त्या घड्याळ लावून बसल्या होत्या.

"कोल्झानीबाई, माणूस साधारण किती टिकतो?"

"चार मिनिटं. हट्टी असला तर पाच."

"माझ्याकडे लोक एका कॉफीवर अख्खी दुपार काढतात. मी उठा म्हटलं तर मी उद्धट. खुर्चीने उठवलं तर कोण काय बोलणार? दोनशे द्या मला, सगळ्या रंगांत."

यावर एकच गलका झाला. एका वकिलाला बडबड्या पक्षकारांसाठी आठ हव्या होत्या. संपादकांनीही, घरी व्याही फार येतात म्हणून, चार सांगितल्या. मालकांनी लगेच एर्सिलियासाठी बसायला दुसरी खुर्ची मागवली. वार्ताहर मुलगी तिला शेजारी घेऊन पहिल्यापासून सगळं विचारू लागली.

ओत्तावियो कडेकडेने तिच्यापाशी आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"एर्सिलियाबाई, ते माझं ड्रॉइंग... सहीचं... तुमच्याकडे असेल ना?"

एर्सिलियाने पर्स मांडीवर नीट घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कसलं ड्रॉइंग, साहेब? इतकी मोठी चूक तुमच्या हातून होईल का कधी?"