एक्केचाळीस शंका आणि एक बरणी

शाळेत ऑनलाइन प्लॅटफॉर्म आला आणि त्यावरचा पहिला तास मीच घेणार, असं मी भर मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. (त्या क्षणी बाकीचे सगळे शिक्षक आपापल्या चपलांकडे बघत होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.)

"घ्या की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण मुलांकडून एक तरी प्रश्न यायला हवा. नाही आला, तर नववीचं विज्ञान दुसऱ्या कुणाला देईन."

बावीस वर्षं मी तासाच्या शेवटी "काही शंका?" म्हणून विचारतोय आणि बावीस वर्षं मुलं घंटेकडे कान लावून बसतायत. पण नववी म्हणजे माझा जीव की प्राण. ती गेली, तर मी शाळेत काय फळा पुसायला जायचं?

आमच्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघरात. तिथल्या टेबलावर मोबाइल उभा केला. पडद्यावर स्वतःचं थोबाड दिसलं तर बोबडी वळेल, म्हणून प्लॅटफॉर्म सुरू व्हायच्या आधीच त्यावर टिपणांचा कागद चिकटवला. मुलांच्या शंका वाचायला शेजारी शाळेचा लॅपटॉप. मोबाइलच्या पलीकडे, ओट्याशी, बायको.

"अगं, अर्धा तास आवाज नको. आपटाआपट तर मुळीच नको."

"अहो, मधाची बरणी उघडत नाहीये. झाकण दोनदा आपटलं की..."

"माझ्या नववीचा प्रश्न आहे!"

ती बरणीकडे वळली. मी सुरुवात केली: "उष्णतेने धातू प्रसरण पावतो."

तिसऱ्याच मिनिटाला लॅपटॉप टिंग करून वाजला. मी मोठ्याने वाचलं, "सर, नुसता जोर लावून काय होणार? गरम पाणी घेतलं तर?"

"शाब्बास!" मी जवळजवळ ओरडलोच. "गरम पाणी! धातूवर गरम पाणी ओता, बघा काय होतं ते!"

टिंग, टिंग, टिंग. "सर, हात भाजेल! फडक्याने धरायला सांगा!"

(माझ्या हाताची एवढी काळजी? मला भरून आलं.)

"हो बाळांनो, फडक्याने धरा," मी म्हणालो.

मग एका मुलीचा प्रश्न आला. तीन वर्षांत "हजर" सोडून दुसरा शब्द न उच्चारलेली मुलगी ती. "सर, काचही तापलीच ना? मग झाकणच का सैल होतं?"

माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा प्रश्न ही पोर इतके दिवस तोंड मिटून सांभाळत होती! "कारण काचेपेक्षा धातू जास्त प्रसरण पावतो," मी कसाबसा म्हणालो. ती काचेवर कशी काय पोहोचली, हे विचारायचं भानच मला राहिलं नाही.

लगेच लॅपटॉपवर नुसता पाऊस: "उघडलं! उघडलं!" मुलांच्या ज्ञानाची कवाडं उघडली असणार, असं मी धरून चाललो. एकूण शंका एक्केचाळीस. मी चष्मा काढून डोळे पुसले.

शेवटी मुख्याध्यापिकांनी लिहिलं, "अप्रतिम! नववी तुमच्याकडेच. आता कॅमेरा बंद करा. तास संपला, हे बाईंना माहीत नसावं."

मी कागद ओढून काढला. आदल्या दिवशी उत्तरपत्रिकांचे फोटो काढले होते, तेव्हापासून मागचाच कॅमेरा चालू राहिला होता. पडद्यावर बायको बोटाला लागलेला मध चाटत होती.

पुढचा तास मी सरळ कॅमेऱ्यासमोर बसून, केस विंचरून, वेळेवर सुरू केला. नववी झाडून सगळी हजर. पाचव्या सेकंदाला पहिली शंका आली.

"सर, बाई अजून आल्या नाहीत. आपण थांबायचं ना?"