बापूकाकांची उसनी जीभ

आमचे शेजारी बापूकाका ठाण्यातल्या कुठल्याही आंब्याच्या झाडाचा निकाल द्यायचे, पण स्वतः आंबा तोंडाला लावत नसत. चाखायला त्यांनी मला नेमलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची.

मुलांनो, तुमच्याकडे परदेशात सफरचंदाचं झाड लावताना म्हणे आधीच ठरवतात, फळ तसंच खायचं की भाजायचं. आमच्याकडे झाडं कोयीतून आपली आपण उगवत, आणि फळ धरेपर्यंत त्यांच्या पोटातलं कुणाला कळत नसे. म्हणून पहिलं फळ आलं की बापूकाकांना बोलावणं यायचं. निकाल चारच: खायचा, रसाचा, लोणच्याचा, नाहीतर सरपणाचा. चौथा ऐकला की मालक कुऱ्हाड शोधायला जाई.

मी आंबा चोखायची आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचे. "आधी गोड की आधी आंबट? घशाला काय लागलं? खोटं बोलू नकोस हं गोदे, तुझ्या भुवया चहाडखोर आहेत."

एकदा कोपरीच्या एका आगरी म्हातारीनं हात जोडले. "काका, यो झार माजे सासऱ्यानी लावलाय. जरा गोर म्हना ना!"

"झाडाला नातं नसतं, आजी. सरपण."

म्हातारीनं त्यांच्या हातातला ताकाचा पेला काढून घेतला.

काशीला गेलं की एक आवडतं फळ कायमचं सोडायची रीत आहे. माझे आजोबा कवठ सोडून आले. ते त्यांना पहिल्यापासूनच आवडत नव्हतं. बापूकाका आंबा सोडून आले. "आंबेपारखी आणि उपाशी!" म्हणून लोक हसत. तेही हसत, पण थोडं उशिरा.

मग त्यांच्याच परसात, विहिरीमागच्या झाडाला पहिल्यांदा सात आंबे लागले. तिथं गोठा बांधायचं त्यांच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, कधीपासून मनात होतं.

"गावाला लावतोस तोच न्याय घरी लाव," अण्णा म्हणाले. "सरपण निघालं तर त्याच दिवशी तोडतो."

"मान्य."

आंबे पिकले तेव्हा मला हाक आली. आई माझी वेणी घालत होती. ती हळूच म्हणाली, "त्या झाडाची कोय यमूनं पुरलेली आहे गं." यमू म्हणजे बापूकाकांची एकुलती एक मुलगी. माझ्या जन्माआधी पटकीनं गेली. तिच्याच अस्थी घेऊन ते काशीला गेले होते.

झाडाखाली अण्णा उभे होते. शेजारी कुऱ्हाड घेतलेला गडी. मी आंबा चोखला. दात शिवशिवले, कानापर्यंत कळ गेली, तोंडात नुसते धागे. लोणच्यालाही कुणी घेतला नसता.

"आधी गोड की आधी आंबट?"

"गोड," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं.

बापूकाकांनी माझ्या भुवयांकडे पाहिलं. पुढचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. उपरण्याच्या टोकानं माझी हनुवटी पुसली आणि ते अण्णांकडे वळले.

"खायचा," ते म्हणाले.

गडी कुऱ्हाड घेऊन परत गेला. उरलेले सहा आंबे बापूकाकांनी घरात नेले. ते सडले, वास आमच्या दारापर्यंत आला, तरी त्यातला एकही त्यांनी कुणाला चाखू दिला नाही.