जन्मतः एकेचाळीस वर्षांचे इंजिन

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात एका इंजिनाचा जन्म, त्याचे संगोपन आणि त्याचे अकाली निधन यांची हकिकत यथाक्रम सादर करण्यात येत आहे. सदरहू इंजिन जन्मले तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते, ही बाब वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी. कारण कार्यालयाने ती ठेवली नाही.

हे इंजिन विहिरीवरच्या पंपघरात उभे होते. त्याच्या बळावर टेकडीवरची टाकी भरे आणि टाकीच्या बळावर खालच्या वस्तीतील चारशे घरे आंघोळ करीत. ज्यांच्याकडे त्याची देखभाल होती त्यांना सारी वस्ती मास्तर म्हणे. मास्तर रोज सकाळी पेचकसाचे टोक इंजिनाला व मूठ आपल्या कानाला लावून आतला आवाज ऐकत. नंतर तेलाची पट्टी उपसून एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळीत. "म्हाताऱ्याच्या रिंगा झिजल्यात," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "याला जाड तेलच हवं. पातळ घालणं म्हणजे गाळणीत पाणी साठवणं."

अशात वरून 'यंत्रवयानुरूप तेलनिश्चिती योजना' आली. योजनेचा हेतू थोर होता. पंधरा वर्षांखालील यंत्रास पातळ तेल मिळावे आणि त्यावरील यंत्रास जाड, एवढेच तिचे म्हणणे होते.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललंय," मास्तर पत्नीला म्हणाले आणि चष्मा पुसून चार पानी अर्ज भरावयास बसले. तीन पाने त्यांनी अक्षर न् अक्षर वाचून भरली. चौथ्या पानाच्या तळाशी सहीची जागा होती आणि शेजारी 'दिनांक'. सहीशेजारी तारीख घालावयास आजवर कोणाच्याही हाताने डोक्याची परवानगी घेतलेली नाही. मास्तरांनी झोकात सही केली व त्या दिवसाची तारीख घातली. 'दिनांक' या शब्दाआधी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'यंत्र प्रथम सुरू झाल्याचा' असे छापलेले होते.

नवव्या दिवशी पंपघरात तेलाचे पिंप आले. मास्तरांनी थेंब चोळून पाहिला. बोटांत तेल होते की नव्हते, हेच कळेना. पिंप तसेच ठेवून त्यांनी कार्यालय गाठले.

"बाई, आमच्या म्हाताऱ्याला चुकून पातळ तेल आलंय."

नोंदणीच्या कारकूनबाईंनी फाइल उघडली. "कोण म्हातारा? तुमचं इंजिन नऊ दिवसांचं आहे."

"अहो, एकेचाळीस वर्षांचं आहे ते! पितळी पाटी आहे त्याच्यावर. साल कोरलंय."

"ते पाटीचं वय झालं, मास्तर. पाटी काय, कुठलीही लावता येते."

"नव्या इंजिनाला जुनी पाटी कोण लावेल हो?"

"ते तुम्ही सांगायचं. सही तुमची आहे."

बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी उपाय सुचविला. दुरुस्ती हवी तर इंजिन जुने असल्याचे वस्तीचे लेखी निवेदन आणावे आणि साहेबांनी पाहणी करावी.

पाहणीला साहेब आले. त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला, तो काळा झालेला पाहिला आणि दार लोटून घेतले. "मास्तर, हे जुनं आहे हे आंधळ्यालाही कळेल. पण मी वर कळवून बसलोय की आमच्याकडे नवं इंजिन बसलं. वरून अभिनंदनाचं पत्र आलंय. आता अभिनंदन परत कसं पाठवू? त्याचा छापील नमुनाच नाही आपल्याकडे."

"साहेब, या तेलावर ते सहा महिनेसुद्धा काढायचं नाही. टाकी कोरडी पडेल."

"मग लोकांचं निवेदन आणा. लोकांपुढे आपण कोण?"

आणि जाता जाता साहेबांनी इंजिनास हिरवा रंग देण्याची आज्ञा केली.

रंग वाळण्याआधीच फीत कापण्याचा समारंभ झाला. नव्या इंजिनाबद्दल आभार मानणारा एक कागद वस्तीत दारोदार फिरला आणि संध्याकाळी चारशे सह्या घेऊन कार्यालयात परतला. मास्तर आपले निवेदन घेऊन निघाले ते दुसऱ्या दिवशी.

पहिलेच घर निवृत्त हेडमास्तरांचे. "जुनं आहे हे मला ठाऊक नाही होय?" ते म्हणाले. "त्याच्या धडधडीवर मी घड्याळ लावत आलोय. पण काल मी नवं म्हणून लिहून दिलं ना! माणसानं शब्द फिरवू नये."

सगळ्या दारांत हेच उत्तर मिळाले. शब्दाला जागणारी इतकी माणसे आपल्या वस्तीत राहतात, हे मास्तरांना प्रथमच कळले. दमून ते घरी आले आणि त्यांनी पत्नीपुढे कागद ठेवला.

"अहो, कालच्या त्या आभाराच्या कागदावर पहिली सही माझीच आहे," ती म्हणाली. "तो माणूस म्हणाला, इंजिनवाल्यांच्या घरापासून सुरुवात करू. मान दिला हो त्यानं!"

"वाचलंस तरी काय त्यात?"

"तुम्ही वाचलं होतंत तुमच्या अर्जात?"

मास्तर तडक पंपघरात गेले. तेथे जाड तेलाचा अर्धा डबा उरला होता. तो त्यांनी इंजिनाच्या पोटात रिकामा केला. आठवडाभर म्हातारा सुखाने धडधडला. मग तपासनीस आले, त्यांनी पट्टी उपसली आणि नवजात यंत्रास जाड तेल पाजल्याबद्दल मास्तरांना मेमो दिला. जुने तेल काढून पातळ भरण्यात आले व झाकणावर लाखेचे सील बसले.

इंजिनाच्या सांध्यांतून तेल गळू लागले. मास्तरांनी तसे कळविले. शेरा आला, "या वयात लाळ गळणे स्वाभाविक आहे." निळा धूर येऊ लागला, तेव्हा हवापालटाकरिता खिडकी उघडी ठेवण्याची सूचना मिळाली. मास्तर पेचकस कानाला लावीत आणि लगेच काढीत. आत लोखंडावर लोखंड घासत होते, आणि झाकणाला सील होते.

एका मंगळवारी सकाळी पावणेसातला इंजिनाने एक आचका दिला आणि ते जाम झाले. साबण लावलेली वस्ती नळाकडे पाहत राहिली. दस्तऐवजानुसार मयताचे वय अवघे साडेतीन महिने होते.

चौकशी झाली. यंत्र निर्दोष ठरले, तेल निर्दोष ठरले, योजना तर निर्दोष होतीच. उरले मास्तर. कारकूनबाईंनी टाइप केलेला जबाब त्यांच्यापुढे सरकविला. 'खाली नमूद दिनांकास माझ्या निष्काळजीपणामुळे इंजिन निकामी झाले,' असा त्याचा सारांश होता. यावर सही होताच नोकरी जावयाची होती.

मास्तरांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतले. पाऊण तास लोटला.

"मास्तर, किती वाचताय? परीक्षा आहे का?"

"परीक्षा झाली, बाई. निकाल वाचतोय."

त्यांनी सही केली आणि शेजारी दिनांक घातला. तो त्या दिवसाचा नव्हता. पितळी पाटीवरचे साल त्यांनी तेथे सावकाश उतरविले. बाईंनी सही पाहिली, शिक्का मारला, कागद वर गेला. वर हिशोब झाला की ज्या अर्थी इंजिन एकेचाळीस वर्षांपूर्वी निकामी झाले आणि मास्तर सव्वीस वर्षांपूर्वी रुजू झाले, त्या अर्थी मास्तरांचा संबंध नाही. ते सन्मानपूर्वक सुटले.

परंतु कागद तेथे थांबला नाही. एकेचाळीस वर्षे इंजिन बंद, म्हणजे एकेचाळीस वर्षे पाणी नाही. आणि पाण्यावाचून वस्ती जगली असेल तर नवीन इंजिन कशाला? खात्रीकरिता वस्तीकडे छापील पत्रक धाडण्यात आले. 'गेल्या एकेचाळीस वर्षांत आम्हांस पंपाचे पाणी मिळालेले नाही व त्यावाचून आमचे काहीही अडलेले नाही.'

पत्रक आले तेव्हा सारी वस्ती टँकरच्या रांगेत उभी होती. एका हातात बादली असल्याने लोकांनी दुसऱ्या हाताने सही केली. हेडमास्तरांनी तर पत्रकवाल्याच्याच पाठीवर कागद ठेवून केली.

मास्तर धावत आले. "अहो, वाचा हो! नुसतं एकदा वाचून तरी बघा!"

"अहो, बाजूला व्हा," रांगेतून त्यांची पत्नी ओरडली, "नंबर जाईल माझा!"

आणि तिने सही केली, व शेजारी न चुकता त्या दिवसाची तारीख घातली.

वाचकहो, आपण गेल्या महिन्यात जो कागद सही करून दिलात, त्यात काय लिहिले होते ते आठवून पाहावे. आठवत नसल्यास आज रात्री एक बादली भरून ठेवावी.

इथवर प्रत्येक ओळ वाचून आलेल्यांचे मनःपूर्वक आभार. आणि जे केवळ खाली सही कोणाची आहे हे पाहण्याकरिता थेट येथे उतरले, त्यांचेही आभार. ती पुढीलप्रमाणे आहे.

आपला नम्र,
नटबोल्ट फिटर