ढोलीतल्या माहेरवाशिणी

चैत्र लागला की आमचे शेजारी किसनकाका एका झाडाखालून जाताना वहाणा हातात घेत. झाड देवाचं नव्हे. इंझोरीच्या जंगलकडेचा अर्धा वाळलेला ऐन, पोटात माणूस मावेल एवढी ढोली, आणि ढोलीत लहान वाघळांची दाटी. त्याच झाडाखाली मी एकदा चराईच्या कराविरुद्धचं माझं पत्रक गावकऱ्यांना वाचून दाखवत होतो. ‘जुलमी’ या शब्दावर आवाज चढवला, तोच मागून काकांनी उपरणं ओढलं.

“हळू बोल बे पुढारी. बाळंतिणी निजल्या हायेत.”

सभा हसत सुटली. सरकारचा जुलूम तिथंच राहिला.

काकांचं म्हणणं, चैत्रात तिथं जमतात त्या साऱ्या माद्या. पिल्लं होतात, उडायला लागली की सगळ्या पांगतात. म्हणजे माहेरवाशिणीच. मी खवचटपणे विचारलं, मग जावई कुठं? काका अडखळले नाहीत. “जावई नाल्यावरच्या झाडात. सासुरवाडीले किती दिवस बसतीन?”

मोहफुलं वेचणाऱ्या बायांशी त्यांचं हाडवैर. बाया फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळत, आणि काका काठी आपटत धावत: बाळंतिणीच्या खोलीत धूर करता? एकीनं ऐकवलं की बाळंतिणीला धुरी तर द्यावीच लागते. काकांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, ह्यांच्यात देत नाहीत, हर घरची रीत वेगळी.

त्या वर्षी जंगलखात्याला स्वच्छतेची उबळ आली. वाकडं, वाळकं, पोकळ झाड म्हणजे कचरा. तो काढायचा आणि सागाच्या सरळ रांगा लावायच्या, पोलिसांच्या कवायतीसारख्या. नाकेदारानं ऐनाच्या बुंध्यावर तोडीचा हातोडा मारला. मी पेटलो. ज्या झाडातून सांजेला हजारो तोंडं बाहेर पडून पिकावरचे किडे खातात, ते यांच्या लेखी बिनकामाचं! मी काकांना म्हटलं, आजच पत्रक काढतो.

“तुह्या कागदानं रेंजरची चूल पेटते,” काका म्हणाले. “आन् सागात काय हाय? सरळसोट खांब. तिथं कोन बाळंत होईन?”

ते संध्याकाळभर गावात घरोघर फिरले. कशाला, ते मला सांगितलं नाही.

सकाळी कुऱ्हाडवाले आले, तर ऐनाला हिरवं लुगडं गुंडाळलेलं. खालच्या फांदीत हिरव्या बांगड्या. बुंध्याशी खण, नारळ, गहू. आणि भोवती पाच सवाष्णी बसून डोहाळ्यांची गाणी म्हणत होत्या. धुरीवरून काकांना ऐकवणारी मोहवाली त्यांत सगळ्यांत मोठ्यानं.

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. ओटी भरलेलं झाड कोण तोडणार? नाकेदार ओरडला, तेव्हा म्हाताऱ्या मुकादमानं आपली कुऱ्हाड त्याच्यापुढे धरली आणि पहिला घाव सायबानंच घालावा, असं अदबीनं सुचवलं. नाकेदाराच्या घरी बायकोला सातवा महिना. त्यानं कुऱ्हाडीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, आणि हा ऐन तसा बराच मजबूत दिसतो म्हणत पुढच्या झाडाकडे गेला.

मी अंधश्रद्धेवर दोन पत्रकं छापलेला माणूस. सगळे पांगल्यावर काकांना झाडलं. जंगलाला पोकळ झाडं लागतात, ही साधी खरी गोष्ट सोडून हे थोतांड कशाला?

“मंग खरी गोष्ट सांगाले तू कुठी होता?”

मी पत्रकाचा मसुदा लिहीत होतो. तो विषय मी बदलला. लुगडं हाताला लागलं होतं; कोरं, जरीकाठाचं, घड्या मोडत नव्हत्या इतकी वर्षं पेटीत राहिलेलं. एवढं चांगलं वस्त्र झाडाला कशाला, म्हणालो.

काका बांगड्या सारख्या करत राहिले. त्यांची एकुलती लेक सुभद्रा केनवडला दिलेली. लग्नात मानपानावरून व्याह्यांशी तोंड वाजलं होतं, एवढं मला ठाऊक होतं.

“पहिल्या बाळंतपनाले आनाले गेलो होतो तिले. लुगडं घेऊन, गाडीत गादी टाकून,” ते म्हणाले. “धाडलं नाई त्याईनं. रिकामी गाडी घेऊन आलो.”

काकांनी टाचा उंचावल्या, ढोलीच्या तोंडावर आलेला पदर बाजूला सारला आणि गाठ मारून पक्का केला.

“आता पोरीईले निंघाले अडचन नाई,” ते म्हणाले.