चादरीमागचा पूर

उदारामजींच्या जीपमध्ये प्रथमोपचाराची पेटी आहे. आत बँडेज नाही, आयोडिन नाही. आत आहे एक कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, पावडरचा डबा, टिकल्यांची दोन पाकिटं, आरसा आणि इस्त्री करून घडी घातलेला एक पांढरा शर्ट. हा शर्ट उदारामजींचा नाही. ज्याचा फोटो काढायचा आहे आणि ज्याच्या अंगावर धड शर्ट नाही, त्याचा तो तेवढ्यापुरता होतो. अर्ध्या गोंदिया जिल्ह्याचा तो घालून झालाय.

आता मी कोण, तेही सांगते. एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत मी निधी उभारणी आणि संवाद विभागाची प्रमुख आहे. हे पद एका दमात सांगून झाल्यावर मला पाणी लागतं. माझी आई ते दोन शब्दांत सांगते: "चंदा मागते." बारा-तेरा वर्षं दिल्लीत काढून मी आईसाठी गोंदियाजवळच्या फुलचूरला परत आले, तेव्हा कॉलनीतल्या दुर्गा मंडळाची पोरं मोठ्या आशेनं पावतीबुक घेऊन आली. "ताई, आप तो इंटरनॅशनल हो!" मी तीन संध्याकाळी घरोघर फिरले. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी पावतीबुक हळूच परत मागून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आरतीला या फक्त."

पण परदेशातल्या माणसाला रडवून त्याच्याकडून मदत काढणं, हे मला जमतं. त्याचं शास्त्र आहे. माणूस जमिनीवर बसलेला हवा. डोळे कॅमेऱ्याकडे, ओठ मिटलेले. मागे थोडी पडझड. चप्पल दिसली तर एकच दिसावी. या विषयावर मी लोकांना प्रशिक्षण देते, आणि लोक वहीत उतरवून घेतात, काय सांगू!

या शास्त्राची माती केली ती उदारामजींनी. आमच्या संस्थेनं त्यांची जीप भाड्यानं घेतलेली. साठीला टेकलेले, काटक, ताशी चाळीसच्या वर कधी न जाणारे. पहिल्याच फेरीत आम्ही आमच्या जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या बाजूच्या एका जंगलपट्टीतल्या गावात गेलो. एका म्हातारीचा फोटो हवा होता. मी कॅमेरा काढेपर्यंत उदारामजींनी सरपंचाकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, म्हातारीला तीवर बसवलं, तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली आणि टिकली लावून आरसा तिच्या हातात दिला. म्हातारी आरशात बघून अशी लाजली, की माझ्या शास्त्राचं वाटोळं झालं.

"उदारामजी, अहो, हे दुःखी दिसायला पाहिजे ना!"

"काऊन म्याडम? फोटो कायले रडका पायजे? दुःख तं दोन दिसांत जाते. फोटो घराच्या भितीवर राहते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जीप पंक्चर झाली, पाऊस आला, मी कितीही वैतागले, तरी ते हेच ऐकवत. पोरांच्या केसांचा भांग सरळ पडेपर्यंत ते मला बटण दाबू द्यायचे नाहीत. म्हाताऱ्यांना म्हणायचे, "बुढा, छाती काढ. तुह्या नातवाचा नातू पाहीन हे." आणि म्हातारा छाती काढायचा. माझ्या संगणकात जिल्ह्यातल्या गोरगरिबांचे साडेतीनशे फोटो आहेत. सगळे जणू मुलगी बघायला निघालेत.

मग बाघ नदी चढली. नदीकाठच्या एका टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, घरं बसली. लोक शाळेत जाऊन राहिले. त्यांना ताडपत्र्या हव्या होत्या, धान्य हवं होतं, तेही लगेच. आणि ते मिळायचं तर माझं आवाहन त्याच आठवड्यात युरोपातल्या मुख्य ऑफिसातून निघायला हवं होतं. तिथली माझी वरिष्ठ एव्हा फोटोंसाठी तासातासाला विचारत होती. आणि मी? जिल्हा पुरात आणि मी घसरले कुठे, तर फुलचूरच्या घरच्या बाथरूममध्ये. पाय हा असा सुजला. तेव्हा उदारामजींच्या हातात माझा जास्तीचा फोन दिला आणि म्हटलं, "जे दिसेल ते काढा. फक्त पूर दिसला पाहिजे."

संध्याकाळी फोटो आले. मी ते उघडले आणि डोक्याला हात लावला. एक बाई लग्नाच्या शालूत. एक म्हातारा पांढऱ्या शर्टात (ओळखलात ना?). पोरं ओळीनं, पावडर लावलेली. आणि प्रत्येकाच्या मागे गुलाबाच्या फुलांची एक ताणून बांधलेली चादर. एव्हानं व्हिडिओ कॉलवर ते बघितले आणि फार सभ्यपणे विचारलं, की हा विवाहसोहळा पुराच्या आधीचा आहे की नंतरचा?

मी उदारामजींना फोन लावला. "अहो, पूर कुठंय?"

"पूर मांगं हाय ना म्याडम. चादरीच्या मांगं."

"चादर कशाला लावली पण?"

"भित पडली ना त्याह्यची. पडलेल्या भितीसमोर कोनी फोटो काढते काय?"

दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी आवळून मी स्वतःच गेले. पट्टी अर्थातच मेडिकलमधून आणावी लागली. रस्ताभर मी उदारामजींशी बोलले नाही. टोल्यावर त्या शालूवाल्या सगनबाई भेटल्या. माळ्यावरच्या पेटीतला तो शालू तेवढा कोरडा राहिला होता. मी सगळा गोडवा गोळा करून म्हटलं, "बाई, इथं ढिगाऱ्याजवळ खाली बसता का? आणि केस जरा मोकळे सोडा."

सगनबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काऊन जी? घरात कोनी मेलं काय माह्या?"

मी कॅमेरा खाली घेतला. पण एव्हाचा मेसेज फोनवर वाजला आणि मी निर्लज्जासारखा कॅमेरा वर केलाच. तेवढ्यात समोर एक हात आला. उदारामजींचा. थेट भिंगावर.

"नाई म्याडम. हे नाई होनार."

आवाज चढलेला नव्हता. ते मला जीपपाशी घेऊन गेले आणि सीटखालून एक पत्रक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. आमच्याच संस्थेचं, फार जुनं. वर एका बाईचा फोटो. केस सुटलेले, अंगावर चिखल, तोंड रडून वेडंवाकडं झालेलं. खाली ओळ: 'रमाचं सगळं वाहून गेलं. आज ती एकटी आहे.' त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: नाव बदललेले आहे.

ती ओळ मी लिहिली होती, दिल्लीत, वातानुकूलित खोलीत बसून. तो फोटोही मीच निवडला होता. त्या पत्रकाबद्दल मला बक्षीस मिळालं होतं आणि त्यावर बढती.

"हे फुलवंता," उदारामजी म्हणाले. "माही घरवाली."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. तशी ती कधी दुभंगत नाही.

"एकटी लिवलं तुमच्या लोकायनं. एकटी कायले? मी होतो ना. ट्रक घेऊन रायपूरले गेलो होतो, रस्ता बंद पडला. मी पोचलो तं तापानं गेली होती ती, चार दिस झाले होते. लग्नात फोटोवाला केला नवता आमी. हाच एक फोटो हाय तिचा. भितीवर लावू तं कसा लावू, सांगा? रडून राहिली ना."

ती ओळ मी लिहिली, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. सांगताना मलाच रडू आलं. त्यांनी पत्रक परत पिशवीत गुंडाळलं. मग म्हणाले, "तुमाले कोनी सांगितलंच नसन तिचं नाव." आणि मला पाणी दिलं.

आवाहन चादरीसकट गेलं. सगनबाईंना विचारून त्यांचं खरं नाव घातलं, आणि चादरीमागे काय पडलंय ते साध्या शब्दांत लिहिलं. एव्हा कुरकुरली, मग गप्प झाली. ताडपत्र्या पोचल्या, धान्यही. या फोटोंना रडक्या फोटोंपेक्षा जास्त मदत मिळाली की कमी, ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर मी त्याचंही प्रशिक्षण द्यायला लागेन.

मात्र एक काम मी गुपचूप केलं. त्या जुन्या पत्रकाच्या वेळी काढलेले सगळे फोटो मुख्य ऑफिसच्या साठ्यातून मागवले. फुलवंताबाईंचे नऊ होते. आठांत त्या रडत होत्या. नवव्यात त्या पदर सावरून, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघून, तोंडावर हात धरत हसत होत्या. त्या पुरातही लोक शाळेतच राहिलेले; तिथल्या ओट्यावर कुणीतरी काहीतरी बोललं असावं. त्या फोटोखाली एक शेरा होता: 'फार प्रसन्न. वापरू नये.' शेऱ्यापुढे माझ्या नावाची आद्याक्षरं.

तो मोठा करून, गोंदियाच्या बाजारातून फ्रेम करून मी त्यांच्या घरी नेला. खाली नाव लिहवून घेतलं होतं: फुलवंता उदाराम. शेऱ्याचंही सांगितलं. आता लपवायला उरलं काय होतं?

उदारामजींनी फ्रेम दोन्ही हातांनी धरली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे त्याच दिसाचं?"

"त्याच दिवसाचं. तेव्हाच काढलेलं."

"हासून राहिली," ते म्हणाले. फ्रेमच्या काचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "इतके वर्सं मले वाटे, मी नवतो म्हनून ती रडत-रडतच गेली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. संवाद विभागाची प्रमुख ना मी!

"म्याडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी जरा बाहेर बसा."

मी बाहेर ओसरीवर जाऊन बसले.